मावळच्या दारावरून जाणारी तार

लोणावळ्यात जुलैचा पाऊस एकदा लागला म्हणजे चार-चार दिवस उघडीप मिळत नाही. शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे लोटणारी गर्दी सोडली, तर गाव दारे लावून घरात बसलेले असते. अशा दिवसांत दूरचित्रवाणी हाच बहुतेक कुटुंबांचा विरंगुळा, आणि नेमक्या त्याच दिवसांत पडद्यावर चित्राऐवजी गोल फिरणारे चक्र दिसू लागते. घरातले कोणीतरी "नेट गेलं" असे म्हणते आणि विषय तेथेच संपतो. "लाइट गेली" या जुन्या उद्गाराइतकाच हा नवा उद्गार आता मावळात रूढ झाला आहे. तथापि या दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. लाइट गेली म्हणजे माणूस खिडकीतून शेजारी पाहतो. शेजारीही अंधार असेल तर दोष खांबावरचा, नसेल तर घरातल्या फ्यूजचा, एवढा निवाडा शाळकरी पोरही करू शकते. "नेट गेलं" यात नेमके काय गेले, कोठे गेले आणि ते परत आणणे कोणाचे काम, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक नसते. पुष्कळदा ज्याच्याकडे तक्रार करायची त्यालाही नसते.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा असता, तर त्यासाठी वर्तमानपत्राची जागा खर्च करण्याचे कारण नव्हते. पण बाजारात आज मिळणारा जवळजवळ प्रत्येक नवा संच 'स्मार्ट' असतो, आणि कामशेत-वडगावच्या दुकानांतून तो हप्त्याने उचलणारा ग्राहक बहुधा शिक्षक, कारकून किंवा तळेगाव-चाकणच्या कारखान्यातला कामगार असतो. त्याच्या घरात संगणक असेलच असे नाही. एक-दोन मोबाइल असतात आणि भिंतीवर हा मोठा पडदा असतो. मुलीचे दहावीचे गणिताचे पाठ, स्पर्धापरीक्षेच्या मागे लागलेल्या थोरल्याची व्याख्याने, आजीचे कीर्तन, सारे त्या एका पडद्यावर येते. वितभर मोबाइलवर भूमितीची आकृती डोळे ताणून पाहणे आणि तीच आकृती भिंतीवर, वही मांडीवर घेऊन पाहणे यांतला फरक कोणत्याही शिक्षकाला सांगावा लागत नाही. तेव्हा त्या पडद्याला अखंड प्रवाह मिळतो की नाही, हा प्रश्न मावळातल्या मध्यमवर्गीय आणि कष्टकरी घरांच्या संसाराशी निगडित आहे.

जुना संच आणि नवा संच यांतला खरा भेद पडद्याच्या जाडीचा नाही. जुना संच केवळ ग्रहण करणारा होता. वरळीच्या मनोऱ्यावरून लहर निघाली की ती एका घराने घेतली काय आणि लाख घरांनी घेतली काय, मनोऱ्याला त्याचे सुखदुःख नव्हते. नवा संच मागणी करतो. प्रत्येक घर आपल्यासाठी स्वतंत्र प्रत मागवते. ती लहान लहान तुकड्यांनी येते. पुढचे काही सेकंद पुरतील इतके तुकडे संच साठवून ठेवतो, आणि पुढचा तुकडा वेळेत न आल्यास साठा संपून ते चक्र फिरू लागते. ज्याला एचडी म्हणतात त्या सुस्पष्ट चित्राला सेकंदाला सुमारे ५ मेगाबिटचा प्रवाह लागतो आणि त्याहून वरच्या 'फोर-के' चित्राला १५ ते २५ मेगाबिटचा. शंभर मेगाबिटच्या जोडण्या सर्रास विकल्या जात असताना ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. मग चक्र का फिरते? वेग आणि भरवसा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, म्हणून. सपाटीवर भरधाव धावणारी आणि खंडाळ्याच्या चढणीवर दर वळणाला बंद पडणारी मोटार कोणी वेगवान म्हणून विकत घेत नाही. जोडणीच्या बाबतीत मात्र ग्राहक नेमके तेच करतो, कारण जाहिरातीत त्याला दुसरा आकडा दाखवलेलाच नसतो.

सरकारी व्याख्याही याच एका आकड्याभोवती फिरत राहिली आहे. २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट देणारी जोडणी 'ब्रॉडबँड' ठरली. २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. म्हणजे कायद्याच्या लेखी ब्रॉडबँड म्हणवणारी जोडणी आजही एचडी चित्राच्या निम्म्यालासुद्धा पुरेल असे नाही. त्याहून मौजेची गोष्ट अशी की, ती जोडणी वर्षातले किती तास चालू असली पाहिजे, याचा त्या व्याख्येत उल्लेखच नाही.

मावळाचे दुर्दैव म्हणा किंवा भूगोल म्हणा, मुंबईहून देशावर जे जे नवे आले ते या मुलखाच्या अंगावरून गेले. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी वर चढली. १९११ मध्ये लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत योजनेचा पाया घातला गेला. वळवण, लोणावळा, शिरवता येथे अडवलेले पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून १९१५ पासून निघालेली वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. शेजारच्या मुळशीत पुढच्या धरणासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि सेनापती बापटांच्या नावाशी कायमचा जोडला गेलेला सत्याग्रह १९२१ मध्ये उभा राहिला. ज्या डोंगरांवरच्या पाण्याने मुंबई उजळली, त्या डोंगरांतल्या वाड्यांवर दिवा लागायला त्यानंतर कित्येक दशके जावी लागली.

आता त्याच वाटेने काचेचा तंतू जातो. समुद्राच्या तळावरून आलेल्या आंतरराष्ट्रीय तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि तेथून पुण्याकडे जाणारी माहिती लोहमार्गाच्या आणि महामार्गाच्या कडेने पुरलेल्या फायबरमधून हाच घाट चढते. २००० मध्ये स्थापन झालेल्या रेलटेल या सरकारी कंपनीचे तर भांडवलच मुळी रेल्वेची हद्द हे आहे. कार्ले किंवा मळवली येथील एखाद्या घराच्या ओट्यावर उभे राहिले तर ज्या रुळांवरून गाड्या जाताना दिसतात, त्यांच्या कडेनेच माहितीचा हा प्रचंड ओघ चाललेला असतो. पण शहराला पाणी नेणाऱ्या मुख्य जलवाहिनीला कोणी घरचा नळ जोडत नाही. त्या ओघातून घराला पुरेल एवढी धार काढायची तर मध्ये यंत्रे हवीत, त्यांना वीज हवी, फाटे हवेत, खांब हवेत आणि हे सारे उन्हापावसात राखणारी माणसे हवीत. मावळात कमतरता आहे ती या शेवटच्या फर्लांगाची.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत हा अनुभव नवा नाही. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे पुण्याला चित्र दिसू लागले. या लहरी सरळ रेषेत जाणाऱ्या. आडवा डोंगर आला की संपल्या. मुंबईच्या लहरी सह्याद्रीच्या कड्याला अडत आणि सिंहगड लोणावळ्यापासून पन्नासहून अधिक किलोमीटर दूर, मध्ये तुंग-तिकोन्याच्या डोंगररांगा. एकाच गावात टेकाडावरच्या घराला चित्र दिसावे आणि उतारावरच्या घराला मुंग्या दिसाव्यात, हा त्या लहरींचा स्वभावच होता. पुढे उपग्रहाकडून थेट छपरावरच्या तबकडीत चित्र घेण्याची सोय झाली आणि डोंगरांचा अडसर एकदम संपला. तथापि तेथे पाऊस आडवा आला. या सेवेच्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते; मुसळधार पावसाचे थेंब त्यांना शोषून घेतात आणि विखरून टाकतात. वर्षाकाठी पुणे शहरात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर लोणावळ्यात त्याच्या पाचपटीहून अधिक. तेव्हा पुण्यात वर्षातून चार-दोनदा जाणवणारी अडचण लोणावळ्यात ऋतूचा भाग झाली. फायबरने ही दोन्ही विघ्ने दूर केली, असे तत्त्वतः म्हणता येते. काचेतून जाणाऱ्या प्रकाशाला ना डोंगर आड येतो, ना पाऊस. मग जुलैत नेट का जाते?

प्रकाशाला पावसाचे भय नसले तरी ती काच ज्यावर टांगलेली असते त्याला आहे. महामार्गापासून आत वळताच फायबर जमिनीतून वर येते आणि विजेच्या, दिव्याच्या नाहीतर कंत्राटदाराने स्वतः रोवलेल्या खांबांवरून, झाडांच्या फांद्यांमधून, बंगल्यांच्या कुंपणांवरून घरापर्यंत जाते. तुंगार्ली, भांगरवाडी किंवा गवळीवाड्यातल्या कोणत्याही गल्लीत मान वर करून पाहावे. काळ्या तारांचे जुडगे खांबाला वेटोळे घालून लटकत असते; त्यांतली चालू कोणती, मेलेली कोणती, कोणत्या कंपनीची कोणती, हे ती टाकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. पावसाने फुगलेली फांदी त्यावर कोसळते. लोणावळा-खंडाळ्याची माकडे त्यांवर झोके घेतात. मालमोटारीचे उंच हौद त्यांना ओढून नेतात. जमिनीखाली असलेल्या भागाचे सुख याहून फार नाही. नळ टाकायला, गटार काढायला, रस्ता रुंद करायला आलेल्या खोदयंत्राचा दात त्यात शिरतो. खोदण्यापूर्वी जमिनीखालच्या तारांच्या मालकांना कळवता यावे म्हणून २२ मार्च २०२३ रोजी केंद्र सरकारने एक मोबाइल अ‍ॅप सुरू केले. कल्पना स्तुत्य आहे. पण नाणे मावळात बांधावर नाला खणणारा यंत्रचालक खिशातून मोबाइल काढून त्यात प्रथम नोंद करील आणि मग खोदील, ही अपेक्षा दिल्लीत बसूनच बाळगता येते.

तुटलेली काच जोडणे हेही कसबाचे काम आहे. केसाएवढा तंतू सोलून, स्वच्छ करून, काटकोनात छाटून, यंत्रात दोन टोके समोरासमोर ठेवून विजेच्या ठिणगीने वितळवावी लागतात. कोरड्या खोलीत हे काही मिनिटांचे काम; शिडीवर, भर पावसात, छत्री धरायला एकजण घेऊन करायचे तर त्याला तास लागतो. जोड कच्चा राहिला तर प्रकाश पोचतो पण मंद पोचतो, आणि मग ते जीवघेणे अर्धवट दुखणे सुरू होते: सकाळी चित्र ठीक, दुपारी अडखळते, रात्री बंद. पूर्ण तुटलेली तार परवडली, असे म्हणण्याची पाळी येते, कारण तुटलेली तार निदान मान्य तरी केली जाते.

येथे केबलवाल्याचा विचार करणे भाग आहे. १९९० नंतरच्या दशकात गावोगाव जो केबलवाला उभा राहिला, त्याच्याविषयी लोकांनी पुष्कळ कुरकुर केली. पण तो गावातला होता. सामन्याच्या मध्ये चित्र गेले तर त्याच्या दारावर जाता येई, आणि उद्या त्याच गल्लीत वर्गणी मागायला यायचे आहे हे त्याला ठाऊक असे. आज तोच माणूस, किंवा त्याचा मुलगा, कोणत्या तरी मोठ्या कंपनीचा स्थानिक हस्तक झाला आहे. ग्राहकाचा करार कंपनीशी, पैसे कंपनीला, तक्रार दूरच्या शहरातील एका आवाजाकडे, आणि शिडी मात्र याच्या खांद्यावर. ग्राहकाला तक्रारीचा क्रमांक मिळतो. हस्तकाला त्या क्रमांकाची निपटण्याची मुदत मिळते, मोबदला मिळतो तो नव्या जोडण्यांच्या हिशेबाने अधिक आणि जुन्या सांभाळण्याच्या हिशेबाने कमी. अशा व्यवस्थेत नवी तार टाकण्याचा उत्साह आणि जुनी तार राखण्याचा आळस एकाच माणसात नांदला, तर दोष त्याच्या स्वभावाला देण्यात अर्थ नाही. जेथे बंगल्यांच्या रांगा आहेत आणि शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी मालक दोन-दोन जोडण्या घ्यायला तयार आहेत, तेथे शिडी आधी पोचते. पाच घरांच्या वाडीसाठी दोन किलोमीटरची तार कोण राखील?

आणि तार शाबूत असली तरी वीज हवी. फायबरच्या दोन्ही टोकांना, आणि मधल्या यंत्रांना, विजेवाचून अर्थ नाही. मावळात वादळाने वीज जाणे हे नित्याचे. घरात इन्व्हर्टर असला तरी गल्लीच्या तोंडावरच्या पेटीत बॅटरी नसेल किंवा असलेली मेली असेल, तर घरचा दिवा चालू आणि नेट बंद अशी अवस्था होते. ग्राहक मग राउटर बंद-चालू करीत बसतो. दोष दीड किलोमीटर दूर, दुसऱ्याच्या कुलपात असतो.

याचा सर्वांत कडू अनुभव २०२० सालाने दिला. टाळेबंदीत शाळा बंद झाल्या होत्या. ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्याला लागले आणि सह्याद्री ओलांडून मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या तालुक्यांतून गेले. घरांचे पत्रे उडाले, फुलांच्या शेतीची हरितगृहे जमीनदोस्त झाली, विजेचे खांब आडवे झाले. खांब गेले तेव्हा त्यांवरच्या तारा गेल्या आणि विजेअभावी मोबाइलचे मनोरेही मुके झाले. अशा स्थितीत जूनच्या मध्यावर नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, तेही दुरून. ज्या घरांत जोडणी टिकली त्या घरांतली मुले वर्गात होती. ज्या घरांत टिकली नाही त्या घरांतली मुले गैरहजर. एकाच इयत्तेत हजेरीपट तारेने पाडला, असे त्या वर्षाचे वर्णन करावे लागेल. २० जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही पाठमाला सुरू झाली, आणि ज्या जुन्या एकतर्फी प्रक्षेपणाला लोक कालबाह्य समजू लागले होते, त्याची किंमत एकाएकी कळली. तबकडी आणि वीज एवढ्यावर धडा घरात आला. डेटा संपण्याची भीती नव्हती, आणि शेजारच्या घराने तोच धडा पाहिला म्हणून आपला अडखळत नव्हता. आज स्मार्ट संच विकत घेणाऱ्या कुटुंबाने छपरावरची तबकडी उतरवून भंगारात देण्याची घाई करू नये, असे म्हणणे म्हणूनच मागासलेपणाचे ठरत नाही.

मावळ म्हणून एकच प्रदेश धरून चालणेही चुकीचे आहे. जुने लोक आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ असे भेद करतात ते उगीच नव्हे. लोहमार्ग आणि महामार्ग इंद्रायणीच्या खोऱ्यातून जातात. तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा ही त्या काठावरची गावे. पवन मावळात धरणाभोवती पर्यटन वाढले आणि पवनानगरकडे येणारे रस्तेही एकाहून अधिक आहेत. पण आंदर मावळचा रस्ता टाकव्यावरून आत जातो तो खांडीच्या पुढे कड्यापाशी संपतो, आणि नाणे मावळचा जांभिवलीला, ढाकच्या पायथ्याशी. ही खोरी म्हणजे एका तोंडाच्या पिशव्या आहेत. तार त्याच एका रस्त्याने आत जाते. ती मध्ये कोठेही तुटली की त्यापुढची सारी गावे एकदम बंद. शहरात वर्तुळाकार मार्ग आखतात, एका बाजूने तुटले तर माहिती दुसऱ्या बाजूने फिरून येते. केंद्राने २०११ मध्ये मंजूर केलेली आणि पुढे भारतनेट या नावाने चाललेली योजना मुळात ग्रामपंचायतीपर्यंत फायबर पोचविण्याची होती. ऑगस्ट २०२३ मध्ये तिचा जो सुधारित आराखडा मंजूर झाला, त्यात पंचायती अशा वर्तुळाने जोडण्यावर आणि देखभालीवर भर आहे. हे शहाणपण उशिरा का होईना सुचले. तथापि ज्या खोऱ्याला दुसरे तोंडच नाही तेथे वर्तुळ कसे काढणार? दोन्ही तारा एकाच रस्त्याच्या दोन कडांनी नेल्या, तर नकाशावर वर्तुळ दिसेल आणि एकाच दरडीने दोन्ही तुटतील. अशा जागी डोंगरमाथ्यावरून बिनतारी दुवा हाच दुसरा मार्ग असू शकतो, आणि तो आराखड्यात आधीच धरला पाहिजे.

बिनतारी जोडणीचा पर्याय २०२३ पासून घरोघरीही विकला जाऊ लागला आहे. छपरावर एक डबी लावायची, ती मनोऱ्याकडून फाइव्ह-जीची लहर घेते आणि घरात वाय-फाय देते. ज्या वाडीला खांबच नाहीत तिला हा मोठाच आधार. पण मनोरा दिसला पाहिजे, त्याच्यात आणि डबीत भिजलेल्या झाडांची भिंत नको, आणि मनोऱ्यालाही मागून फायबर व वीज हवीच. शिवाय मनोऱ्याचा प्रवाह सर्वांत वाटला जातो. लोणावळ्यात लागोपाठ सुट्ट्या आल्या म्हणजे मुंबई-पुण्याहून आलेली वाहने जशी रस्ते तुंबवतात, तसेच त्यांतल्या माणसांचे मोबाइल मनोरे तुंबवतात, आणि गावातल्या घरचा पडदा त्या वाटणीत मागे पडतो. फायबरमध्येही वाटणी असते. एका तंतूचे बत्तीस किंवा चौसष्ट घरांत फाटे फोडलेले असतात, पण तेथे वाटेकरी निदान ठरलेले असतात.

हे सर्व खरे असले तरी दोष पुष्कळदा घरातच असतो, हेही सांगितले पाहिजे. जोडणी देणारा मुलगा तार वाचावी म्हणून राउटर दारालगत बसवतो. गृहिणीला ती डबी दिवाणखान्यात विद्रूप दिसते, म्हणून ती पत्र्याच्या कपाटावर किंवा देवघराच्या वरच्या फळीवर जाते. संच असतो दोन भिंती पलीकडे, आणि जुन्या घरातल्या भिंती काळ्या दगडाच्या, हातभर जाडीच्या. वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतीतून बरी जाते, पण चाळीत वा सोसायटीत शेजारच्या दहा राउटरांचा गोंगाट तिच्यातच असतो. ५ गिगाहर्ट्झची पट्टी मोकळी व वेगवान, पण दगडी भिंतीपुढे हतबल. यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. राउटरपासून संचाच्या पाठीमागच्या खाचेपर्यंत साधी इथरनेटची तार ओढावी. ही तार शंभर मीटरपर्यंत चालते. कित्येक संचांची ती खाच सेकंदाला शंभर मेगाबिटांपुरतीच असते, पण 'फोर-के' चित्रालाही त्याच्या चौथाईहून अधिक लागत नाही. राउटर आणि फायबरची डबी यांना चालवणारी छोटी बॅटरी बाजारात मिळते, तीही घ्यावी. आणि चित्र थांबले की प्रथम फायबरच्या डबीवरचे दिवे पाहावेत. 'लॉस' असे लिहिलेला दिवा तांबडा लागला असेल, तर प्रकाशच घरात पोचत नाही. तेथे राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही साधणार नाही. तो तांबडा नसेल आणि राउटरशेजारी धरलेल्या मोबाइलवर सारे सुरळीत दिसत असेल, तर दोष भिंतीचा. एवढे कळले की "नेट गेलं" या उद्गाराचे तक्रारीत रूपांतर होते. तक्रार करताना दिव्याचा रंग, दिवस आणि वेळ सांगणाऱ्या ग्राहकाला टाळणे अवघड जाते.

मात्र ग्राहकाच्या शहाणपणाने व्यवस्थेची जबाबदारी संपत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २ ऑगस्ट २०२४ रोजी सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले. तारेच्या जोडणीतला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला त्या काळाची भरपाई द्यावी, असे त्यांत आहे. हे किती ग्राहकांना माहीत आहे? मोठ्या प्रमाणावर सेवा चोवीस तासांहून अधिक काळ बंद राहिल्यास द्यावयाच्या सवलतीची तरतूदही आहे, पण तेथे माप आहे जिल्ह्याचे. पुणे जिल्हा म्हणजे घाटमाथ्यावरच्या खांडीपासून उजनीच्या पाण्यापर्यंत पसरलेला मुलूख. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन महानगरे त्याच्या पोटात. नाणे मावळातली दहा गावे आठवडाभर बंद राहिली तरी एवढ्या जिल्ह्याच्या सरासरीत ती बुडून जातात. पावसाचे मोजमाप मंडलनिहाय होते, पिकाची आणेवारी गावनिहाय निघते; मग जोडणी किती तास बंद होती, याचा हिशेब गावनिहाय का निघू नये? कंपन्यांच्या यंत्रांत ही नोंद क्षणाक्षणाने होतच असते. ती प्रसिद्ध करण्याची सक्ती तेवढी करायची आहे. कोणती जोडणी घ्यावी हे ठरविताना शंभर मेगाबिट की दोनशे, या आकड्यापेक्षा गेल्या जुलैत कामशेतला ही कंपनी किती तास बंद होती, हा आकडा ग्राहकाच्या कितीतरी अधिक उपयोगाचा ठरेल.

खांबांचेही असेच आहे. दरवर्षी मृगाच्या आधी महावितरणचे कर्मचारी वीजपुरवठा बंद ठेवून वाहिन्यांना लागणाऱ्या फांद्या छाटतात. त्याच खांबावर, त्याच फांद्यांतून, हातभर खाली इंटरनेटच्या तारा गेलेल्या असतात. त्या छाटणीत त्यांचा विचार करणे हे महावितरणचे काम नाही, आणि ज्यांचे आहे त्यांचा माणूस त्या दिवशी तेथे हजर नसतो. फांदी तोडताना तार तुटली तर ती तशीच लोंबत राहते. फांदी राहिली तर पहिल्या वादळात ती तारेसकट खाली येते. नगरपरिषदेने, पंचायत समितीने आणि महावितरणने छाटणीचे वेळापत्रक पंधरा दिवस आधी जाहीर करावे, त्या दिवशी प्रत्येक कंपनीच्या हस्तकाने शिडी घेऊन खांबाखाली हजर राहावे, मेलेल्या तारा त्याच वेळी उतरवाव्यात आणि चालू तारांना नावाची पट्टी बांधावी, एवढ्यासाठी नव्या कायद्याची किंवा दिल्लीच्या निधीची गरज नाही. तहसीलदारांच्या मान्सूनपूर्व बैठकीत वीज, पाणी, रस्ते आणि आरोग्य ही खाती बसतात. मेअखेरीच्या त्या बैठकीला तारवाल्यांनाही एक खुर्ची ठेवावी.